शोभेचा साप

होस्टेलला आलं की माणसाला काहीतरी पाळावंसं वाटतं. घरी आईनं मांजरसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नसतं, त्याचा वचपा इथे निघतो. मेसच्या मागे कुत्र्याची चार पिल्लं आहेत, त्यांना कोणत्या सरांची नावं दिली आहेत हे रेक्टर सरांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. वरच्या मजल्यावर एकाकडे लव्हबर्ड्स होते, दिवाळीच्या सुट्टीत ते कोणाकडे ठेवायचे यावरून दोन ब्रँचमध्ये भांडण झालं. ज्यांच्याकडे काहीच नाही ते बॅकलॉग पाळतात. एम-थ्री तर काहींनी इतका माया लावून सांभाळलाय की सोडवत नाही!

माझ्या रूम पार्टनरला मात्र साप पाहिजे होता.

तो ठाण्याचा. तिकडे अठराव्या मजल्यावर वाढलेला, त्यामुळे साप त्यानं पाहिला तो काचेच्या आड नाहीतर मोबाईलवर. एका सीनियरनं पासआउट होताना त्याला अडीच फुटी फिश टँक देऊन टाकला होता. त्यातले मासे केव्हाच वर गेले होते. रिकामा टँक खिडकीपाशी ठेवून तो दोन-तीन दिवस त्याच्याकडे बघत बसला आणि एका रात्री म्हणाला, "यात साप काय दिसेल यार! विषारी नको, चावरा नको, पण दिसायला भारी पाहिजे. दारात उभा राहणारा माणूस आधी टँककडे बघेल, मग आपल्याकडे."

मी घाटंजी तालुक्यातला. आमच्याकडे रात्री सापाचं नावसुद्धा घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात नाहीतर 'लांबडं'. पऱ्हाटीत निंदायला गेलेल्या बायका विळ्याआधी काठी आपटतात. आणि हा बाबा पैसे देऊन ते खोलीत आणायचं म्हणतो. मी म्हटलं, "काऊन बे, झोपेत उडी मारायचं स्वस्त पडत नाही का तुले?" पण मला कुतूहलही वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढचे पंधरा दिवस सबमिशन बाजूला ठेवून आम्ही शोभेच्या सापाचा अभ्यास केला. इतका अभ्यास थर्मोचा केला असता तर... असो.

पहिला नंबर बॉल पायथनचा. हा आफ्रिकेतला अजगर, तीन ते पाच फुटांचा, स्वभावानं अगदी गरीब. घाबरला की चावत नाही, डोकं मधे घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून नाव बॉल. पाळणाऱ्यांनी जोड्या लावून लावून त्याचे शेकडो रंग काढलेत: पिवळे, पांढरे, अर्धे पांढरे अर्धे तपकिरी. फोटोत बघितलं तर दागिनाच. पण वाचत गेलो तसं कळलं की हा दिवसभर लपून बसणारा प्राणी. त्याला लपायला अंधारी, अंगाला घट्ट बसणारी पेटी द्यावीच लागते. नाही दिली तर तो धास्तावतो, खाणं सोडतो. म्हणजे टँकमध्ये काय दिसणार? पेटी. पाहुण्याला सांगायचं, "आत आहे."

मग आयुष्य. बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० साली अंडी दिली तेव्हा तिचं वय बासष्टच्या आसपास असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं! आपली डिग्री आठ सेमिस्टरची. बॅकलॉग धरले तर दहा-बारा. त्यानंतर साप घेऊन पुण्याला जॉब शोधायला जायचं, आणि लग्नाच्या वेळी बायोडेटात 'कुटुंबातील इतर सदस्य' या रकान्यात त्याचं नाव घालायचं.

दुसरा कॉर्न स्नेक. नारिंगी अंगावर लाल पट्टे, पोटाखाली मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी नक्षी. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, उंदीर खाणारा, नव्यानं पाळणाऱ्यांचा लाडका. याची एकच ख्याती, पळून जाण्याची. झाकणात बोटभर फट असली की सकाळी टँक रिकामा. आपल्या होस्टेलच्या दारांखालून मांजर जातं, तिथे कॉर्न स्नेकचं काय! पट्टेरी साप रात्री तीनला बाथरूममध्ये दिसला तर तो अमेरिकन आहे का मण्यार आहे हे बघायला कोण थांबणार? हॉकी स्टिक घेऊनच सगळे येतील.

तिसरा मिल्क स्नेक. लाल-काळे-पिवळे कडे, हुबेहूब तिकडच्या विषारी कोरल सापासारखे. नाव असं का, तर हा गोठ्यात शिरून गायीचं दूध पितो असं तिथले शेतकरी समजत. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कारण आमच्या गावात धामणीबद्दल नेमकं हेच सांगतात, गायीच्या पायांना विळखा घालून दूध ओढते म्हणून! दोन्ही साप गोठ्यात जातात ते उंदरांमागे. सापाला दूध ओढायला ओठच नसतात. समुद्राच्या दोन्ही बाजूंना माणूस सारखाच, दूध कमी निघालं की कोणावर तरी घालायचं.

खरा शोभेचा साप निघाला तो ग्रीन ट्री पायथन. न्यू गिनीच्या जंगलातला. पिल्लू पिवळं किंवा तांबडं, मोठं झालं की हिरवंगार. आणि हा दिवसभर फांदीवर स्वतःच्या अंगाचे वेढे खोगिरासारखे टाकून, मधोमध डोकं ठेवून, सगळ्यांना दिसेल असा बसून राहतो. पार्टनर म्हणाला, "हाच." पण याला हवा लागते सतत दमट. यवतमाळच्या मे महिन्यात दमटपणा शोधायचा म्हणजे मेसच्या वरणात डाळ शोधायची. शिवाय हाताळलेलं याला चालत नाही, दातही लांब असतात.

खरी इंजिनिअरिंगची गोष्ट इथून सुरू होते. साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून अंग गरम ठेवत नाही. ऊन पाहिजे तर उन्हात जातो, गारवा पाहिजे तर बिळात. म्हणून टँकच्या एका टोकाला बत्तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस असं तापमान ठेवावं लागतं, म्हणजे तो आपली जागा आपण निवडतो. पार्टनर इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यानं दोन सेन्सर आणि एक रिले लावून आठवड्यात सर्किट बनवलंसुद्धा. छान चाललं. पण ते सगळं गरम करायचं तंत्र. परदेशातली सगळी पुस्तकं थंड घर गृहीत धरून लिहिलेली. आपल्याकडे बाहेर चव्वेचाळीस असताना खोलीत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, आपण ओला टॉवेल अंगावर टाकून झोपतो. काचेचा डबा म्हणजे तर चक्क भट्टी. त्यात लाइट गेली की पंखाही गेला. बिळात जायला सापाला बीळ नाही. मी त्याला म्हटलं, "तुह्या सर्किटनं गरम होते, थंड करून दाखव." त्यावर तो दोन दिवस बोलला नाही.

खाण्याचं तर विचारूच नका. आठ-दहा दिवसांनी एक उंदीर. परदेशात गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात, ते फ्रीजमध्ये ठेवायचे आणि कोमट करून द्यायचे. होस्टेलला एकच फ्रीज, तो मेसमधल्या मावशींचा, आणि त्या माळकरी आहेत.

तरीही तो हटेना. कोणाच्या तरी ओळखीतून मुंबईच्या एका विक्रेत्याचा नंबर मिळवला. बॉल पायथन, पिवळा, पिल्लू. किंमत साधारण आपल्या एका वर्षाच्या मेसच्या बिलाएवढी. ॲडव्हान्स पाठवायच्या आदल्या रात्री मी एकच विचारलं, "कागदपत्रं?" त्यानं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून उत्तर आलं, "पेपर का टेन्शन मत लो, बाद में हो जाएगा."

बाद में काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बॉल पायथनसारखे प्राणी सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि त्या यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. तो कुठून आला, हे तिथे सांगावं लागतं. कॉर्न स्नेक सायटिसच्या यादीत नाही, पण बाहेरून आणायचा तर आयातीची परवानगी त्यालाही लागतेच. म्हणजे रीतसर कागद असले तर परदेशी साप पाळता येतो, नाही असं नाही. पण कागद नसलेले साप कसे येतात? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किट आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. पार्टनरनं ती बातमी दोनदा वाचली. मग म्हणाला, "म्हणजे माझा पिवळा पण बिस्किटातूनच येणार होता." ॲडव्हान्स राहिला.

मग त्याच्या डोक्यात नवीन खूळ, परदेशी नको, गावठी पाळू. आपल्याकडे काय कमी सुंदर साप आहेत! हे मात्र त्याचं खरं. हिरवा दोरीसारखा हरणटोळ, अंग फुगवल्यावर खवल्यांमधून निळी झाक दाखवणारा रुका, अजगर तर बघतच राहावा. पण हे सगळे १९७२ च्या कायद्यानं संरक्षित. पकडणं, बाळगणं, विकणं, तिन्ही गुन्हे. नाग, घोणस, धामण, अजगर आता पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तिथल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार दंड आहे. मांडुळाचं तर नावच काढू नका. गुप्तधन दाखवते, पैशाचा पाऊस पाडते म्हणून त्या बिचाऱ्या मातीखालच्या मुक्या सापाचा लाखा-कोटींत सौदा करणारे महाभाग महाराष्ट्रात दरवर्षी पकडले जातात. दोन तोंडंही नसतात त्याला, शेपूट बोथट असते इतकंच.

इथे मला एक सांगावं लागेल, नाहीतर मी एवढा का खोलात गेलो ते कळणार नाही.

मी दहावीत होतो तेव्हा माझे मोठे बाबा साप चावून गेले. शेतात नाही, घरात. ऑगस्टचा महिना, गर्मी होत होती म्हणून खाट सोडून जमिनीवर सतरंजी टाकून झोपले होते. पहाटे उठून म्हणाले, पोटात दुखते. मोठ्या आईनं ओवा दिला. जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. थोड्या वेळानं डोळ्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या, बोलताना जीभ अडखळली, तेव्हा कोणीतरी म्हणालं की जनावर लागलं असंल. मग शेजारच्या गावात मंत्र टाकणाऱ्याकडे नेलं. दोन तास तिथे गेले. यवतमाळच्या रस्त्यावर जीपमध्येच श्वास थांबला. नंतर सतरंजीखाली मण्यार सापडली.

मण्यार अशीच असते. रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली येते, तिचे दात इतके बारीक की चावलेलं कळतसुद्धा नाही. विष मज्जासंस्थेवर काम करतं, आणि श्वासाचे स्नायू बंद पडतात. वेळेत प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र मिळालं तर माणूस वाचतो. नाग, मण्यार, घोणस (आमच्याकडे तिला परड म्हणतात) आणि फुरसं, या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. त्या अठ्ठावन्न हजारांत एक आमचा.

तेव्हापासून मी मच्छरदाणी खोचून झोपतो. होस्टेलमध्ये ही एकमेव मच्छरदाणी, आणि तिच्यावर जे विनोद झालेत ते या अंकात छापता येणार नाहीत. गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी डासासाठी असते तशी मण्यारीसाठीही असते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणा की काय म्हणा, मोठी आई अजून नागपंचमीला वारुळापाशी दिवा ठेवते. त्या दिवशी चिरत नाही, तळत नाही, कुदळ लावत नाही. मी एकदा रागानं विचारलं तर म्हणाली, "त्याच्या जागी त्यानं राहावं, आपल्या जागी आपण. एवढंच मागते मी त्याले." आणि बाबा अजूनही धामण मारू देत नाहीत. धामण गेली की गोदामातली तूर उंदरांची, हा त्यांचा हिशोब.

हे सगळं मी पार्टनरला सांगितलं ते एका विशिष्ट रात्री. सप्टेंबरमध्ये, पाऊस पडून गेल्यावर, मेसच्या भिंतीपाशी साप निघाला. अडीच-तीन फूट, तपकिरी. पाच मिनिटांत पन्नास पोरं, दहा बॅटऱ्या, दोन बॅट, एक रॉड. "मार बे, मार!" आणि माझा पार्टनर सगळ्यांच्या पुढे, हात पसरून. मारू देईना. वॉचमन काकांनी सर्पमित्राला फोन लावला. त्याला यायला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं पन्नास पोरांना थोपवणं हे सेमिस्टरमधलं सर्वांत अवघड प्रॅक्टिकल होतं.

भाऊ आला, टॉर्च टाकला आणि हसला. "तस्कर हाये. बिनविषारी." सापानं मान उभी चपटी फुगवून इंग्रजी एससारखी केली होती, शेपटी थरथरवत होता, आव असा की नागाचा बापच. मानेवर काळ्या कडांचे पांढरे पट्टे, रांगेनं, कोणीतरी बारीक ब्रशनं काढल्यासारखे, आणि मागे अंगभर दोन काळ्या रेघा. मी त्या दिवसापर्यंत साप इतक्या वेळ बघितलेला नव्हता. इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थ छोटा दागिना, आणि मराठीत आपण त्याला तस्कर म्हणतो. चोर!

पार्टनर हळूच म्हणाला, "भाऊ, दोन दिवस ठेवू का? टँक आहे. गॅदरिंगला एक्झिबिशन करू. मग सोडून देऊ, प्रॉमिस." खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, ठेवावा. इतका देखणा होता तो.

भाऊंनी साप बरणीत सोडून झाकण लावलं, मगच बोलले. त्यांनी बत्तीस शिराळ्याचं सांगितलं. सांगली जिल्ह्यातलं ते गाव, नागपंचमीला जिवंत नाग पूजायची जुनी परंपरा. आधी काही दिवस नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, मग मिरवणूक, सर्वांत लांब नागाला बक्षीस. प्रेमानंच करायचे सगळं, सणानंतर सोडूनही द्यायचे. पण मडकी, ढोल, उन्हातली मिरवणूक, हजारो लोकांची गर्दी, हे नागाला कुठे कळतं की प्रेमानं चाललंय? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, जिवंत नागाचं प्रदर्शन थांबलं, २०१४ पासून अंमलबजावणी कडक झाली. २०२५ मध्ये केंद्रानं तिथल्या एकवीस जणांना परवानगी दिली तीही शैक्षणिक कारणासाठी, मिरवणुकीसाठी नाही. "तिथे शेकडो वर्षांची परंपरा थांबली," भाऊ म्हणाले, "अन् तुह्यावाल्या गॅदरिंगसाठी मी सोडू काय?"

पार्टनरनं विचारलं, मग नीलिमकुमार खैरेंनी केलं ते? ते त्यानं कुठेतरी वाचलेलं. १९८० साली पुण्यात खैरे बहात्तर विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत बहात्तर तास बसले होते. उगाच डिवचलं नाही तर साप चावत नाही हे लोकांना दाखवायला. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. भाऊ म्हणाले, "त्यांनी साप दाखवला नाही बाबू, माणसाचं भेव दाखवलं. तू काय दाखवून राहिला? टँक?"

मला ते थोडं कडक वाटलं. पार्टनर काही वाईट नव्हता. पन्नास पोरांसमोर हात पसरून उभा राहिला होता तो, मी नाही राहिलो. आणि ज्याच्या घरी कोणी साप चावून गेलं नाही त्यालाच साप इतका मोकळेपणानं सुंदर दिसू शकतो, हेही मला त्या रात्री कळलं. आम्हा गावाकडच्यांना तेवढी सूट नसते.

रीतसर नोंद करून तस्कर त्याच रात्री सोडला, कुठे ते लिहीत नाही. परत येताना, आर्णी रोडच्या टपरीवर चहा पिताना, मी त्याला मोठ्या बाबांचं सांगितलं. तो काही बोलला नाही. चहाचे पैसे त्यानं दिले, जे सहसा होत नाही.

आता होस्टेलच्या नोटीस बोर्डावर तीन नंबर त्याच्या अक्षरात लावलेले आहेत: त्या सर्पमित्राचा, वन विभागाची हेल्पलाइन १९२६, आणि ॲम्ब्युलन्स १०८. खाली लिहिलंय: साप दिसला तर लांब उभे राहा, नजर ठेवा, फोन करा. चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका, पळवू नका, थेट दवाखाना. फर्स्ट इयरच्या कोणीतरी त्याखाली 'आणि एम-थ्री चावला तर?' असं लिहिलंय, ते कोण आहे ते शोधणं चालू आहे.

फिश टँकमध्ये सध्या त्याचं सर्किट ठेवलेलं आहे, दोन सेन्सर, एक रिले, आणि आता एक छोटा पंखाही. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला तेच दिलं. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "यात ठेवायचं काय आहे?" तो म्हणाला, "काही नाही सर, तापमान." त्याला बाविसावा नंबर मिळाला, मला एकोणतिसावा.

आणि दिवाळीहून येताना त्यानं निळी मच्छरदाणी आणली. दोन मच्छरदाण्यांमुळे पंख्याचा वारा आता कोणालाच लागत नाही, तेवढीच एक तक्रार आहे.